रूथअक्काचा पाय आणि माझा जळफळाट

डॉक्टरांनी माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला सुई टोचली आणि विचारलं, "दुखतंय?"

"न्हाई," मी म्हणलं.

मग तळव्याला टोचली. "इथं?"

"न्हाई की."

मला वाटलं, झाले पास. दुखत नाही म्हणजे चांगलंच ना? डॉक्टरांनी सुई ट्रेमध्ये टाकली आणि माझ्याकडं न बघता माझ्या पोराला, अविनाशला म्हणाले, "डायबेटिक फूट आहे. गँगरीन वर चढतंय. गुडघ्याखालून पाय काढावा लागेल. फार दिवस नाहीत आपल्याकडे."

गँगरीन म्हणजे रक्त पोचत नाही म्हणून मांस मरतं आणि काळं पडतं. डायबेटिक फूट म्हणजे शुगरनं पायाच्या नसा बधिर होतात, जखम झालेली कळत नाही, आणि कळते तेव्हा उशीर झालेला असतो. आता मी हे घडाघडा सांगते. त्या दिवशी मला एवढंच कळलं, की हा माणूस माझा पाय मागून राहिलाय.

"न्हाई देणार," म्हणलं आणि खुर्चीवरून उठले. उठल्यावर पाय कुठं टेकला तेच कळेना. तरी उभी राहिले.

ज्यांना शुगर आहे त्यांनी माझी चूक ऐकून घ्यावी. लातूरला क्लासेसच्या भागात माझी मुलींची मेस होती. मेडिकलच्या एंट्रन्सला बसणाऱ्या पोरी, गावोगावच्या. दोन वेळच्या पंगती मी उभ्यानं सांभाळायची. स्वयंपाकघरात चप्पल घालायची नाही ही आमच्या घरची रीत. अन्न शिजतं तिथं पायताण नको. त्यात भांड्याच्या तारेच्या घासणीचा एक तुकडा तळव्यात घुसला, तो दहा-बारा दिवस तिथंच राहिला आणि मला पत्ता नाही. एक दिवस पंगतीतली एक पोरगी म्हणाली, "मावशी, फरशीवर रक्त कुणाचं?" मी तिच्यावरच खेकसले, तुझंच असेल बघ. नंतर पाहिलं तर शेगडीपासून ताटांपर्यंत माझ्याच पावलांचे ठसे. हळद भरली, फडकं गुंडाळलं आणि पुढच्या पंगतीला उभी राहिले. अविनाश नांदेडला नोकरीला. तो सुट्टीला आला तेव्हा त्याला दारातच वास आला. दुसऱ्या दिवशी त्यानं मला नांदेडला दवाखान्यात आणलं.

नांदेडला डॉप्लर केलं. म्हणजे पायातून रक्त वाहतंय का ते मशीन लावून ऐकतात. माझ्या मांडीत सूं सूं आवाज आला, घोट्यापाशी काहीच नाही. मग डेब्रिडमेंट केलं, म्हणजे मेलेलं मांस कापून, खरवडून काढलं. मी बघत होते, दुखत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "आजी, ह्यानं थांबलं तर ठीक. विष रक्तात पसरलं, ज्याला आम्ही सेप्सिस म्हणतो, तर मग पाय देऊनही तुम्ही वाचणार नाही. विचार करा, पण लवकर."

आजी म्हणाले मला. पन्नाशी व्हायची होती माझी.

अविनाशनं समजावलं, रडला, रागावला. मी हलले नाही. त्याला सांगितलं, मेस कोण बघणार. खरं कारण वेगळं होतं. अठरा वर्षं मी उभी होते, कारण बसलं की आठवतं. एक पाय गेल्यावर बसूनच राहावं लागणार, मग काय करू मी?

आता दुसरीही गोष्ट सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी जळकी बाई आहे. जन्माची नव्हते, भूकंपानं केली.

किल्लारीच्या बाजूला आमचं गाव. गणपती बुडवायच्या वेळी मी तीन वर्षांच्या अविनाशला घेऊन मुरुडला माहेरी होते, वडील आजारी होते म्हणून. आठ वर्षांची रेखा सासूबाईंपाशी राहिली, कारण तिला मिरवणुकीत लेझीम खेळायचं होतं. लई हट्ट केला. मी म्हणलं, रहा बाई. मिरवणूक संपली त्याच पहाटे जमीन हलली. नवरा लातूरला ट्रकवर होता, तो माझ्याआधी गावात पोचला. मला तिसरा दिवस उजाडला. तोवर पाऊस, चिखल, मिलिटरी, आणि मेलेली माणसं ठेवायची सोय नाही. पडलेल्या घरांची दारं, वासे रचून एकेका सरणावर कितीतरी माणसं दिली. नवऱ्यानं बोटानं एक जागा दाखवली. तिथं राख होती आणि ती कुणाकुणाची होती ते देवाला ठाऊक. सासूबाई त्यात होत्या आणि रेखाही. पोरीचं तोंड मी बघितलं नाही. नवऱ्यानं बघितलं होतं. त्यावर तो एक शब्द कधी बोलला नाही, आणि चार वर्षांत हार्ट अटॅकनं तोही गेला. रेखाचा एकच फोटो होता, तो घरासंगं गाडला गेला.

लोक समजूत घालायचे. आत्मा अमर असतो, वत्सला. शरीर काय, कपडा. मी म्हणायची, आत्म्याला आंघोळ घालता येते का? आत्म्याला ताप आला का नाही ते कपाळाला हात लावून कळतं का? मला पोर पाहिजे, आत्मा काय करू? मग म्हणायचे, तिनं कुठंतरी जन्म घेतला असेल, चांगल्या घरी. हे तर आणखीच वाईट! म्हणजे माझी पोर दुसऱ्या कुणाच्या तरी कडेवर. माझ्या मेसला सतरा वर्षांच्या पोरी यायच्या. मी हिशेब करायची, भूकंपाच्या साली, पुढच्या साली जन्मलेल्या ह्याच. माझीच रेखा माझ्याच पंगतीत बसून "मावशी, पोळी" म्हणत असेल, आणि रविवारी तिची आई लाडवाचा डबा घेऊन यायची, तिच्या पाठीवरून हात फिरवायची. त्या आयांना मी कधी नीट चहा दिला नाही. निकाल लागला की पेढे यायचे, ते मला कडू लागायचे. माझ्या पोटात दुखायचं, दुसरं काय.

तर अशी मी, आणि माझ्या शेजारच्या कॉटवर रूथअक्का.

देगलूरकडची ख्रिश्चन बाई, साठीच्या पुढची. मुलींच्या एका हॉस्टेलात आयुष्यभर स्वयंपाक केलेली. काळ्या दोऱ्यात बारीक क्रॉस, केस पांढरेशुभ्र, बोलण्यात मधूनच तेलुगू. सगळा वॉर्ड तिला अक्का म्हणायचा. तिलाही शुगर, तिचाही उजवाच पाय. डॉक्टरांनी तिलाही तेच सांगितलं. ती म्हणाली, "घ्या काढून. फकस्त मला माघारी द्या."

डॉक्टर थबकले. "काय माघारी?"

"पाय. पुरायचा हाय मला."

डॉक्टर म्हणाले, "अर्ज द्यावा लागेल." तिचा भाचा सॅम्युअल तिथंच कागद मागून अर्ज लिहायला बसला. अक्कानं संमतीपत्रावर सही केली, चष्मा काढून ठेवला आणि झोपून गेली. मी मात्र रात्रभर आढ्याकडं बघत होते. पाय कापायचा असताना घोरते कशी ही बाई?

दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलंच मी, पुरून काय करणार म्हणून.

ती सरळ सांगायला लागली, भाजी कशी करायची ते सांगावं तसं. "आमच्यात शरीर फेकायची चीज न्हाई, वत्सला. प्रभू येशू मेला, तिसऱ्या दिवशी उठला. नुसता आत्मा न्हाई, शरीरानं उठला. शिष्यांसमोर बसून मासा खाल्ला. तो परत येईल तवा आम्ही बी उठू. हेच हात, हेच पाय, नवे होऊन. म्हून मातीत जपून ठेवायचं, बी पेरल्यावानी."

"म्हणजे ज्वारीसारखं उगवणार का तुम्ही?"

"हाव," ती हसली. "तशीच कणसं."

तिचा एकुलता एक पोरगा जॉनी एकोणिसाव्या वर्षी काविळीनं गेला होता. देगलूरच्या कब्रस्तानात त्याची कबर. दर ईस्टरच्या पहाटे, म्हणजे येशू उठला त्या दिवशी, ही मेणबत्ती घेऊन तिथं जायची, आणि आदल्या दिवशी स्वतःच्या हातानं कबरीला चुना द्यायची. नवरा त्याच्या शेजारी, आणि मधली जागा हिची. आता तिथं हिचा पाय आधी जाणार होता.

मी विचारलं, "जॉनी केवढा उठेल? एकोणीस वर्षांचा का आज असता तेवढा?"

"मी बी पाळकांना, आमच्या चर्चच्या धर्मगुरूंना, इचारलं होतं ते. म्हणाले, ओळखू येईल एवढा."

ओळखू येईल एवढा! मी कूस बदलली. माझ्या छातीत असं काही पेटलं की सांगता सोय नाही. हिचं पोरगं जागेवर आहे. हिला ठिकाण माहीत आहे. तेच पोरगं, तेच तोंड, हिलाच आई म्हणणार, दुसऱ्या कुणाला नाही. आणि मला काय, तर आत्मा अमर.

तिचं ऑपरेशन झालं, बिलो नी ॲम्प्युटेशन. गुडघा ठेवून खालचा पाय काढतात. गुडघा राहिला तर पुढं नकली पायावर चालता येतं. सॅम्युअलनं एक पेटी करून आणली होती, आंब्याच्या पेटीएवढी, पण रंधा मारून गुळगुळीत केलेली, आत पांढरं कापड. दवाखान्याच्या माणसानं सही घेऊन पाय बांधून दिला. सॅम्युअल ती पेटी छातीशी धरून एसटी स्टँडला गेला.

त्या दिवसांत आमचं भांडणच चालायचं म्हणा ना. मी नाना शंका काढायची. उठल्यावर येशूच्या हाताच्या जखमा तशाच होत्या म्हणता, मग तुमचा पाय तुटकाच उठला तर? अक्का जरा विचारात पडायची, मग म्हणायची, "त्यानं जखमा मुद्दाम ठेवल्या, शंका घेणाऱ्या थोमा शिष्याला दाखवायला. माझा पाय कुणाला दाखवायचा हाय?" मी हरायची आणि आणखी चिडायची. माझा ताप मात्र रोज संध्याकाळी थोडा थोडा वर जात होता. नर्स कागदावर लिहायची आणि माझ्याकडं बघायची.

पाचव्या दिवशी सॅम्युअल आला. त्यानं मोबाईलवर फोटो दाखवला. जॉनीच्या पांढऱ्या कबरीशेजारी छोटासा मातीचा ढीग, वर झेंडूचा हार, पाळक हात जोडून उभे. अक्कानं तो मोबाईल माझ्यापुढं धरला. तिचा चेहरा असा फुलला होता, की जणू पोराचं लग्न लागलंय.

"बघ वत्सला. माझा पाय पोरापाशी पोचला."

हिच्या नुसत्या पायाला जागा मिळाली, वर हार, वर प्रार्थना. माझ्या अख्ख्या पोरीला काय मिळालं? उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणलं, "पाय तुमचाच होता ना पण?"

"म्हंजे?"

"त्याच दिवशी पुरुषांच्या वॉर्डात निलंग्याच्या एकाचा पाय काढला. झाडूवाली सांगत होती, दोन्ही गाठोडी अदलाबदल झाली म्हून. मला काय माहीत बाई, मी ऐकलेलं सांगते."

झाडूवालीनं असलं काही सांगितलं नव्हतं. सगळं माझ्या डोक्यातलं.

अक्काच्या तोंडावरचा रंग उतरलेला मी बघितला. आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. आठ दिवसांत पहिल्यांदा जेवण गेलं मला.

अक्कानं मात्र ताट परत पाठवलं. दुसऱ्या दिवशीही पाठवलं. भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. ज्या पायाला पोटरीच नव्हती त्या पोटरीत तिला कळा यायला लागल्या. ह्याला फँटम पेन म्हणतात. पाय गेला तरी मेंदूला तो आहेच असं वाटतं आणि नसलेला पाय दुखतो. तिचं बीपी वाढलं, टाक्यांतून पाणी सुटलं. डॉक्टर म्हणाले, "परवापर्यंत तर उत्तम होतं. झालं काय?" मी पांघरूण सारखं करायला लागले. मग ते माझ्याकडं वळले. "आणि तुम्ही. काळेपणा घोट्याच्या वर आलाय. आज नाहीतर उद्या. परवा मी ऑपरेशन करणार नाही, कारण उपयोग नसेल."

अविनाश कॉटच्या दांड्याला धरून उभा होता. डॉक्टर गेल्यावर म्हणाला, "आई, मी जिवंत हाय की. मी दिसत न्हाई का तुला?" आणि बाहेर निघून गेला. ते माझ्या वर्मी लागलं, पण मी तशीच पडून राहिले.

दुपारी सॅम्युअल आला, तर अक्का त्याला म्हणत होती, "उकर. उकरून बघ. माझी करंगळी वाकडी हाय, तुला माहीत हाय."

तो बिचारा घाबरला. "आत्या, पाळक न्हाई म्हणतील. पुरलेलं काढत न्हाईत."

"मग त्यांना सांगू नको. तू जा. दुसऱ्याचा पाय माझ्या पोरापाशी नको."

त्या पोरानं खरंच पिशवी उचलली. मला दिसलं ते सगळं: हा गुपचूप कब्रस्तानात जाणार, जॉनीच्या शेजारची माती उपसणार, ती पेटी उघडणार. माझ्या एका वाक्यासाठी.

"सॅम्युअल, थांब," मी म्हणलं. "मी खोटं बोलले. झाडूवाली काही बोलली न्हाई. पाय अक्काचाच हाय."

अक्कानं वळून माझ्याकडं बघितलं. उशाशी पाण्याचा लोटा होता, तो उचलून तिनं माझ्यावर फेकला. नेम चुकला, पण पाणी सगळं माझ्या अंगावर. "चांडाळणी!" ती ओरडली. "काय वाकडं केलं गं मी तुझं?"

मी म्हणलं, "तुमचं पोरगं उठणार. माझी जळाली. तुमच्यावर जळते मी." आणि असं रडू फुटलं, की नर्स धावत आली. तिला वाटलं पाय दुखतोय.

चारचा चहा आला. सॅम्युअल स्टुलावर बसून होता. मग अक्का आपणहून बोलली. आढ्याकडं बघून.

"तू खोटं बोललीस ते कळलं. पण मी का रडून राहिले दोन दिवस?"

"पाय बदलला असं वाटलं म्हून."

"न्हाई. मातीतनं मला उठवणाऱ्याला एक पाय सापडणार न्हाई व्हय? समुद्रात बुडालेत, वाघानं खाल्लेत, त्यांना बी उठवणार म्हणतो तो. हॉस्टेलच्या पोरींना रोज सांगायची मी हे. अन् स्वतःवर आलं तर एका पेटीवर आडले. वत्सला, भीती वाटते मला. जॉनी उठलाच न्हाई तर? ही भीती. म्हून तर चुना देते, म्हून पेटी मागते. पक्का विश्वास असता तर पाय कुठं का टाकेनात, मला काय."

इतके दिवस जिच्यावर मी जळून राहिले होते, तिच्यापाशी ते नव्हतंच की.

मग माझ्या तोंडून आलं ते, जे कधी कुणाला विचारलं नव्हतं. "अक्का, जे जळाले त्यांचं काय?"

ती कूस बदलून माझ्याकडं वळली. "पाळक म्हणतात, त्याला राख बी चालते. मला माहीत न्हाई. पण एक सांगते. उठले तर आधी जॉनीला बघीन, अन् मग तुझ्या पोरीला हुडकीन. लई गर्दी असंल तिथं. सांग, ओळखू कशी?"

अठरा वर्षांत मला कुणी हे विचारलं नव्हतं. सगळे विसर म्हणायचे.

मी सांगायला लागले. पुढचा वरचा एक दात पडलेला, नवा अर्धाच आलेला. त्यामुळं हसताना तोंडावर हात धरते. डाव्या भुवईत टाक्याची खूण, उंबऱ्यावर आपटली होती. उजव्या कानामागं तीळ. चालताना डावं पाऊल जरा बाहेर टाकते. नाव विचारलं तर आधी आडनाव सांगते, मास्तरांनी शिकवलं म्हणून. सांगता सांगता मीच चकित झाले, की एवढं सगळं माझ्यापाशी जसंच्या तसं होतं. अक्का एकेक खूण परत म्हणून घेत होती. कानामागं तीळ. उजव्या. हाव.

बघते तर अविनाश दारात उभा, हातात केळी. त्यानं सगळं ऐकलं होतं. येऊन माझ्या पायाशी बसला, त्या काळ्या पायाशी.

"ताईच्या भुवईत खूण होती?"

"होती."

"मला तिचं तोंडच आठवत न्हाई गं आई. तू कधी सांगितलं न्हाईस."

"तू कधी विचारलंस?"

"विचारलं की तू उठून पोळ्या लाटायला लागायचीस."

अक्का पलीकडून म्हणाली, "वत्सला, मी म्हातारी. तीळ कुठल्या कानामागं ते उद्या विसरेन. तू मेलीस तर ह्या खुणा कुणापाशी राहतील? ह्या पोराला अजून अर्ध्या बी माहीत न्हाईत."

नवरा गेला, सासू गेली, फोटो गेला. माझी पोर आता सगळ्या दुनियेत फक्त माझ्या डोक्यात होती. माझ्यासंगं ती दुसऱ्यांदा गेली असती.

"अव्या," मी म्हणलं, "फॉर्म आण."

सही करताना मी एक अट घातली. जळकी ती जळकीच. अक्काचा पाय तिच्या पोरापाशी पोचला, तर माझा का नको? मी डॉक्टरांना म्हणलं, मलाही माघारी पाहिजे. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "तुम्हाला कशाला? तुमच्यात तर पुरत नाहीत."

"जाळणार हाय," मी म्हणलं. "गावी."

सॅम्युअलनं तसलीच दुसरी पेटी करून आणली, तेच पांढरं कापड घालून. जिच्यावर आत्यानं लोटा फेकला त्या बाईसाठी एवढं कोण करतं सांगा. कमरेत इंजेक्शन देऊन, म्हणजे स्पायनल ॲनेस्थेशियात, माझं ऑपरेशन झालं. मी जागी होते, आवाज ऐकू येत होते, दुखत नव्हतं. अविनाश गाडी करून पेटी घेऊन आमच्या जुन्या गावाच्या जागेवर गेला. वस्ती कधीच दुसरीकडं उठून गेली, तिथं आता बाभळी आहेत. मी सांगितलेल्या जागी त्यानं लाकडं रचली आणि अग्नी दिला. परत आला तेव्हा त्याच्या कपड्यांना धुराचा वास होता. म्हणाला, "आई, विझेपर्यंत बसलो तिथं. ताईशी बोललो जरा." काय बोलला ते मी विचारलं नाही. ते त्या दोघांचं.

टाके निघायला तीन आठवडे गेले. नकली पाय बसायला आणखी काही महिने. मेस आता मी बसून चालवते, उंच स्टुलावर. बसलं की आठवतं, आणि आठवलं की जी पोरगी समोर असेल तिला सांगते. पोरी ऐकून घेतात. त्यांच्या आया आल्या की मी चहा ठेवते, आलं घालून. जळफळाट गेला असं समजू नका, जित्याची खोड. पण चहा ठेवते.

ज्यांना शुगर आहे त्यांनी स्वयंपाकघरात चप्पल घालावी, देव रागवत नाही. रोज आंघोळीनंतर तळवे आरशात बघावेत. दुखत नाही याच्यावर विश्वास ठेवू नये. आणि डॉक्टर पाय मागत असतील तर लवकर द्यावा. मी ज्यांची आभारी आहे त्यात ते डॉक्टर, त्या नर्सबाई आणि सॅम्युअल आहेत. आणि अक्का.

दीड वर्षानं सॅम्युअलचा फोन आला, अक्का गेली. मी नकली पायावर, अविनाशचा खांदा धरून देगलूरला गेले. तिला जॉनीच्या शेजारी ठेवलं, तिचा पाय आधीच तिथं वाट बघत होता. मी ख्रिश्चन झालेले नाही. मेलेले उठतात का, मला माहीत नाही, आणि अक्कालाही पक्कं माहीत नव्हतं. पण सगळे प्रार्थना म्हणत होते आणि मला रडू यायच्या आधी राग आला. खरं सांगते, तिच्या मरणावर राग आला. ही बाई पुढं गेली. ही माझ्या पोरीला माझ्याआधी भेटणार, त्या पडक्या दाताचं हसू आधी हिला बघायला मिळणार.

माती टाकायची माझी पाळी आली तेव्हा मी वाकले आणि हळूच म्हणलं, "अक्का, उजव्या कानामागं तीळ. भेटली तर सांगा, आई येतेय. पण तिची वेणी घालू नका. ती मी आल्यावर घालीन."